बोरझरीची सुनावणी

टाळ खाली ठेवा, मंडळी, आणि कान इकडे द्या! पापी कोण? दुसऱ्याच्या विहिरीचं पाणी ओढून नेतो तो — की ते बघून गप्प बसतो तो? घाई नको! आधी ऐका.

वऱ्हाडात बोरझरी नावाचं गाव. तिथं पंचफुलाबाई उमाटे राहायच्या. नवरा गेल्यावर या बाईनं संत्र्याची बाग जोपासली — एकटीनं! शेजारी धाकट्या दिराचं, देवरावचं शेत.

गावात गॅसची कंपनी आली. खाली कोळसा, कोळशात गॅस. तो मोकळा व्हायचा तर आधी कोळशातलं पाणी उपसायचं! उपसलं हो, मशिनी लावून! बोअर कंपनीच्या जागेत, पण पाण्याला बांध कुठं कळतो? बाईंची विहीर उतरली. देवरावची उतरली. साऱ्या गावाच्या उतरल्या!

तुम्ही म्हणाल, महाराज, कायदा नाही का? आहे ना! छान कायदा! विहीर उतरली तर उपसा थांबवा, शेतकऱ्याला पाणी द्या. पण कायदा काही स्वतः येऊन विहिरीत डोकावत नाही. कुणीतरी सांगावं लागतं!

देवळात सुनावणी ठेवली, सरकारी साहेब आले. माणूस भला. म्हणाले, "कायदा तुमच्या बाजूनं आहे. कुणाकुणाच्या विहिरी उतरल्या? सांगा, उपसा बंद करतो."

पंचफुलाबाई उभ्या राहिल्या. आणि बाकी गाव? कुणी चपलेकडे बघतोय, कुणी आभाळाकडे! का? कंपनीनं देवळाला सभामंडप कबूल केला होता! देवरावच्या पोराला नोकरी!

बाई म्हणाल्या, "भाऊजी, तुमची विहीर म्या सकाळीच पाह्यली. सांगा ना सायबाले!"

देवराव म्हणाला, "माह्या विहिरीले काई नाई झालं, वहिनी."

सख्खा दीर, मंडळी! देवासमोर!

साहेब बिचारे थांबले. पुन्हा विचारलं. कुणी बोलेना. "एकट्या विहिरीवरून दोष उपशाचाच असं ठरत नाही, बाई," म्हणाले आणि गेले. ती माउली बसायचंच विसरली.

उन्हाळ्यात बाग वाळली. पोटच्या पोरासारखी झाडं बाईनं आपल्या हातानं तोडली. विहिरीच्या तळाशी घरापुरतं पाणी उरलं. इतरांच्या विहिरींत तेवढंही नाही! मग गाव धावलं साहेबांकडे. साहेब म्हणाले, "तुम्हीच तर सांगितलंत, काही झालं नाही!"

नोकरी? गॅस पुरेसा निघेना, कंपनी सामान गुंडाळून गेली! सभामंडप? खड्डे खणून ठेवलेत. जाऊन दर्शन घ्या!

एके दिवशी देवराव तहानलेले बैल घेऊन वहिनीच्या दारात आला. बाईंनी बादली आणली, बैलांना पोटभर पाजलं. मग देवरावनं ओंजळ पुढे केली. बाई म्हणाल्या, "बैलं खोटं नाई बोलले, भाऊजी." आणि दार लावून घेतलं.

अहो, टाळ्या कसल्या वाजवता! बाईंची बाग आली का परत?

तुमच्या शिवारातही यंत्रं उभी राहिलीत, येताना पाहिली मी. सोमवारी सुनावणी आहे म्हणे. मघाशी विठ्ठल विठ्ठल म्हणताना छप्पर हललं या मंडपाचं! एवढा आवाज आहे तुमच्याकडे. सोमवारी कुठं ठेवून येणार तो?