हाताशी घेतलेला क्लच

"दार कुरकुरतं, हे गिऱ्हाइकाला सांगायची काय गरज होती?"

गाडी दुसऱ्याच्या नावावर करून द्यायच्या रांगेत माझ्यापुढे एक नवरा-बायको उभे होते.

"कुरकुरतं, म्हणून सांगितलं."

"आधीच्या दोघांनाही असंच पिटाळलंत. हा घेणारा झेरॉक्स काढून येईपर्यंत तरी गप्प बसा. बारा वर्षं अंगणात त्या जुन्या गाडीला ठोकत बसलात, माझ्या डब्यांत डाळींपेक्षा नटबोल्टच जास्त. आता विकायची ठरलीय ना?"

"ठरलीय. जागा अडते म्हणून."

"हे बारा वर्षांनी दिसलं?"

"पेट्रोलही फार पिते."

"काल पेट्रोल, आज जागा! आणि त्याने विचारलं, क्लच पायाखालून काढून हाताशी का घेतला, तर म्हणे हौस म्हणून!"

"मग काय सांगायचं होतं?"

"मला काय विचारता? गाडी तुमची."

खिडकीतून हाक आली. नवरा जागचा हलला नाही.

"अहो, नंबर आला आपला."

"डावा पाय उचलेना, म्हणून हाताशी घेतला. आता तो दाबायला हातातही जोर राहिला नाही गं."