हातभर राहिलेला चेंडू

हॅलो?… हॅलो, कोण?… हां, तू होय. बोल गं. हा कुणाचा नंबर?… तुझा फोन बिघडला? बरं… नाही, जेवण व्हायचंय अजून. बूट पुसत बसलोय. गोल्फचेच… नाही, कुठे खेळायला जात नाहीये. माळ्यावर टाकायच्या आधी पुसतोय.

कशाला केला होतास फोन?… हं… हं… फायनलसाठी टिप्स? माझ्याकडून?… नाही, रागावलो नाही. नवऱ्यानं सांगितलं का विचारायला?… मग आपणहून. दादा इतकी वर्षं खेळतोय म्हणून… हो, हो. खेळत होतो.

बरं, ऐक. नवे बूट घालू नको म्हणावं… घेतले? मग घालू दे, टाचा सोलून निघतील… अगं, गंमत केली. आदल्या दिवशी दमेपर्यंत सराव नको. सकाळी लांब फटके मारत बसण्यापेक्षा होलजवळचे छोटे फटके मारावेत. आपल्यासारखा हौशी माणूस तिथेच हरतो. बघायला चार लोक उभे राहिले की जोर दाखवावासा वाटतो, मग चेंडू झाडीत… हो, लंबूला तीच खोड आहे, मला काय सांगतेस. तुझा नवरा व्हायच्या आधी माझा मित्र होता तो. आणि एक फटका वाया गेला की तो तिथेच सोडायचा. घरी घेऊन यायचा नाही… हो, मीच सांगतोय हे. मीच.

काय?… नाही गं. मी नाही येणार त्याच्याबरोबर… बॅग धरायला? मी?… अगं ऐक ना… ऐक. त्या मैदानावर मी पाय ठेवणार नाही… तुला काय सांगितलंय त्यानं, काय झालं ते?… 'दादाकडून चूक झाली.' एवढंच? मग उरलेलं माझ्याकडून ऐक.

आम्ही रविवारी आपापसात खेळतो तेव्हा चेंडू होलपासून हातभर राहिला की दुसरा म्हणतो, 'उचल.' तो आत गेला असं धरायचं आणि पुढे चालायचं. कायमचं आहे आमचं ते. पण स्पर्धेत तसं नसतं. स्पर्धेत बोटभर राहिला तरी आत घालावा लागतो… हो, प्रत्येक वेळी. त्या दिवशी शेवटचा होल. मी आघाडीवर, लंबू माझ्या मागे, आणि फायनलला आमच्यातला एकच जाणार. माझा चेंडू हातभर राहिला. लंबू म्हणाला, 'उचल.' मी उचलला. खिशात टाकला, टोपी काढून त्याच्याशी हात मिळवला, फटक्यांचं कार्ड देऊन मोकळा झालो. मग पंच म्हणाला, तुम्ही बाद… हो. हातातोंडाशी आलेला घास गेला.

माहीत होता गं नियम. पण त्याचा आवाज आला की हात आपोआप खाली जातो… नाही, मी कुठे त्याला दोष देतोय? सवयीनं निघालं त्याच्या तोंडातून. तुझी वहिनी पहिल्यापासून म्हणतेय, मुद्दाम केलं. मी म्हटलं, माझ्या बहिणीच्या नवऱ्याबद्दल या घरात असं बोलायचं नाही. तेव्हापासून अबोला आहे. ताट वाढते आणि उठून जाते.

…लंबू मेहनती आहे, मान्य. मी कधी नाही म्हटलं?… त्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी? तुमच्या हॉलमध्ये?… गालिच्यावर पेला आडवा ठेवून… हं… आणि तुझ्या पायाशी आला म्हणून तू चेंडू उचललास… ओरडला? तुझ्यावर?… थांब. काय म्हणून ओरडला?… नाही, नीट सांग. त्याचेच शब्द सांग.

…'उद्या हातभर राहिलेला उचलला तर माणूस बाद होतो.'

…आहे गं, ऐकतोय… बरोबर आहे तुझं. इतका नियमाचा माणूस मुद्दाम असं कशाला करील… बरं केलंस सांगितलंस.

घरी आहे का तो?… दे जरा. भांडत नाही. एक टिप राहिलीय, ती त्यालाच सांगतो.

…हं. मी बोलतोय. ती शेजारीच उभी आहे ना? मग तू बोलू नकोस, नुसतं ऐक. आत्ता ती मला कौतुकानं सांगत होती, आदल्या संध्याकाळी तू कसा सराव केलास. गालिचा, पेला, ती ओरडाओरड, सगळं सांगितलं. तिच्या अजून लक्षात आलेलं नाही. मी लक्षात आणून देणार नाही, तिला तुझ्याबरोबर राहायचंय… एकच विचारतो, हो की नाही एवढंच सांग. 'उचल' म्हणालास तेव्हा तुला नियम आठवत होता ना?

…हॅलो?

आहेस ना?… श्वास ऐकू येतोय तुझा.

…अरे, नाही म्हण. खोटं तरी बोल. मी खरं धरून चालेन.

…

बरं. तिला सांग, दादा म्हणाला शांत डोक्यानं खेळ. आणि जिंक, तिला फार हौस आहे. पण रविवारी सकाळी माझ्या दाराशी हॉर्न वाजवू नकोस… नाही, फक्त हा रविवार नव्हे. कुठल्याच… ठेवतो.