मेलबर्न ते मुखेड, सरळ रेषेत

देविदास : सर, नांदेडला मेलबर्नचं विमान उतरतच न्हाई. बाळू हैद्राबादला उतरून गाडीनं येणार हाय मुखेडला.

रेणुकादास सर : मग आधी सांगायचं ना! मी नकाशावर रेघ नांदेडपर्यंत ओढून बसलो. बरं, हैद्राबाद. नऊ हजार सातशे किलोमीटर, भागिले नऊशे. अकराच तास धर.

नागुबाई : भागाकार ऱ्हाऊ द्या मास्तर. आक्का काल पहाटं गेली, तवापासून पडून हाय. कंधारचा बरफ संपला, आता नुसतं पाणी वाहून राहिलं. धाकटा कवा पोचतो तेवढं बोला.

देविदास : मावशे, मायला अग्नी धाकट्यानंच द्यायचा असतो. तिनंबी बोलून ठिवलं व्हतं, बाळू येईस्तोवर मला हलवू नगा म्हून.

सर : म्हणून तर लातूरचे दोन क्लास बुडवून आलो. बालाजी माझाच विद्यार्थी. तर, विमान सुटलं काल तिकडच्या रात्री दहाला. तिकडचं घड्याळ साडेचार तास पुढे. दहा अधिक साडेचार, आपल्याकडे पहाटेचे अडीच.

देविदास : पुढं हाय तर वजा करायचं न्हाई का, सर?

सर : देविदास, दहावीला किती वेळा बसलास?

देविदास : तीनदा.

सर : मग ऐक.

देविदास : पण 'विमानात बसलो' असा मेसेज तर काल सांजच्याला पाचलाच आला की.

सर : मेसेज प्रकाशाच्या वेगानं येतो, बाळा. विमान तसं येत नाही.

नागुबाई : मंग कवा?

सर : अडीच अधिक अकरा, दुपारी दीड. सिंगापूरला विमान बदलायला चार तास. हैद्राबादहून गाडी साडेचार. झाले रात्रीचे दहा.

नागुबाई : रातचे दहा! तवर आक्काचं काय ऱ्हाईल? दिस बुडाल्यावर अग्नी देत न्हाईत. देविदास, उठ. मडकं तू धर.

देविदास : फोन लावून बगतो अजून एकदा.

सर : बंदच लागणार. आत्ता तो समुद्रावर आहे.

देविदास : सर, पक्कं ना?

सर : लेका, निम्मं लातूर डॉक्टर केलंय या पेनानं.

(दीड तासानं, दुपारी बाराच्या सुमारास. ओढ्याच्या काठावर धूर. देविदासचा फोन वाजतो.)

बालाजी : दादा, मी बोलून राहिलो, ड्रायव्हरच्या फोनवरून. देगलूर सोडलं बघ.

देविदास : कुठलं देगलूर?

बालाजी : कुठलं म्हंजे? आपलंच. माझं सिम हितं चालंना, अन् याचा रिचार्ज संपलेला. आत्ता देगलूरात मारला. दादा, मायला सावलीत ठिवलं ना? ऊन लई हाय.

सर : देगलूर? म्हणजे चाळीस किलोमीटर. ताशी पन्नास धरलं तर अठ्ठेचाळीस मिनिटं.

नागुबाई : मास्तर, तोंड मिटा.

बालाजी : सर आलेत व्हय? लई बरं झालं. तुला धीर व्हता मंग. ड्रायव्हरला म्हणलो, ताण बाबा गाडी, माय वाट बघून राहिली.

देविदास : न्हाई, बाळू. सावकाश ये. रस्ता लई खराब हाय.