उतू जाणारी दारू

बिलिंग्ज शहरातल्या बंदुकांच्या दुकानात, घरी काडतुसं भरायच्या दारूवरून रांगेत माझ्यापुढचे नवराबायको भांडत होते.

"अगं रॉबर्टा, ही नवी दारू चिमूटभर लागते. डबा वर्षभर पुरेल."

"म्हणूनच नको! आपली जुनी फुगीर आहे. चुकून दोनदा पडली तर काडतुसातून उतू जाते, तुझ्यासारख्या आंधळ्यालाही दिसते. ही दोनदा पडली तरी तळाशी गप्प बसेल, आणि चाप ओढला की पिस्तूलच फुटेल."

"मी दोनदा टाकीनच कशाला?"

"परवा टाकलीस की! मॅच बघत भरत होतास. टेबलभर सांडली, मीच पुसली."

"सांडली ना? मग काय झालं एवढं?"

"सांडली म्हणूनच काही झालं नाही, डेल!"

"तुझ्या आधीपासून काडतुसं भरतोय मी. मला शिकवू नकोस."

"भर ना! जन्मभर भर! पण ती झाडतं कोण?"

"हळू बोल. लोक बघतायत."

"बघू देत! सांग त्यांना. शनिवारच्या नेमबाजीत पिस्तूल कुणाच्या हातात असतं?"

"...तुझ्या."

"मग ठेव तो डबा खाली."