साडेबारा इंच, कोटासकट

हॅलो?... हॅलो, कोण बोलतंय?... जरा मोठ्यानं बोला, इथं शेगडीवर जॅम रटरटतोय...

एल्डन? नाही, एल्डन घरात नाहीये. खालच्या कुरणात गवत बांधतोय. मी त्याची बायको, नॉरीन... नाही नाही, मलाच सांगा. अडतीस वर्षं झाली, त्याचे सगळे निरोप माझ्याच कानावरून जातात.

हं... हं... कसला दस्ता?

बंदुकीचा?

हे बघा, तुमचा नंबर चुकलाय. आमच्याकडे बंदुका आहेत तेवढ्या पुरेत. आणि सगळ्यांना दस्ते आहेत. अक्रोडाच्या लाकडाचे. माझ्या बापानं स्वतः तासलेले...

एल्डन क्रॉली... हो, नाव तेच. ऑगस्टाच्या पुढं, सन नदीचा रस्ता... हो, घरही आमचंच.

नवी रायफल? सांगून बनवून घेतलेली? आणि तिला दस्ता प्लास्टिकचा?... बरं बरं, चिडू नका, प्लास्टिक नाही, कार्बन फायबर. म्हणजे मासे धरायच्या काठीचं असतं तसलं?... तेच की मग!

थांबा, थांबा. हा आवाज माझ्या ओळखीचा आहे. तुम्ही कुणाचे?... डोरीनचा मुलगा? रॉडी? अरे मेल्या! मग मघापासून 'मॅडम, मॅडम' काय लावलंयस? बावीस वर्षं शाळेची बस चालवली मी. तिसऱ्या वळणावर हमखास ओकायचास तू... हो, माझ्याच टोपीत. एकदा कुठं, दोनदा... आता बंदुका बनवतोस? छान. आईचे गुडघे कसे आहेत?... आंबवलेल्या कोबीनं काही होत नाही म्हणावं, डॉक्टरकडे जा.

बरं, आता खरं सांग. कधीपासून चाललंय हे?... जूनपासून!

जूनपासून. अच्छा.

आणि गुरुवारीच फोन करायचा, असंही सांगितलंय? कारण गुरुवारी मी चर्चमध्ये रजया शिवायला जाते? वा! आज नाही गेले मी. चोकचेरी पिकल्या, जॅम करायला थांबले. आणि तो आज गवतात. बघ, देव कसा बरोबर गुरुवारीच पकडून देतो...

अरे ऐक ना, तुला ठाऊक नाही. जूनमध्येच ती सोडत निघाली. रानमेंढ्याच्या शिकारीच्या परवान्याची. हो, तोच, मोठ्या शिंगांचा. एल्डन एकतीस वर्षं अर्ज भरतोय. एकतीस! मी जन्मात पहिल्यांदा भरला, तोही त्यानंच भरायला लावला, गंमत म्हणून. आणि लागला कुणाला? मला... हो, सगळे हेच म्हणाले, नशीब फळफळलं. कसलं नशीब! तेव्हापासून माणूस घरात थांबत नाही. जेवला की उठला, गेला गोठ्यात. सकाळची कॉफीसुद्धा गोठ्यात. विचारलं तर 'काही नाही'. नजरेला नजर देत नाही. दोन महिने रुसलाय रे तो माझ्यावर. मी हरले.

म्हणून आज सकाळी पत्र लिहिलं शिकारखात्याला. परवाना परत घ्या म्हणून. फाटकापाशी टपालपेटीत टाकलंय आणि पत्र न्यायचंय म्हणून पेटीची लाल झेंडी वर केलीय. अकराला टपालवाली लुसिल येते जीप घेऊन... माहीत आहे मला, तो एल्डनला मिळणार नाही. मलाही नको, त्यालाही नको. मेंढा तेवढा सुखात राहील.

हवा होता की मला! का नको असेल? बापाबरोबर त्या कड्यांवर फिरलेय मी, सोळाव्या वर्षी. आता एकसष्ट. आता नाही तर कधी जाणार? पण मेंढा फार तर एक हिवाळा पुरेल. नवऱ्याबरोबर त्याच्या पुढंही राहायचंय मला.

आणि वर आता तू सांगतोस की तो स्वतःसाठी बंदूक करून घेतोय! परवाना माझ्या नावाचा. चाप मीच ओढायचा, कायदाच तसा आहे. मग याला नवी बंदूक कशाला? मला खिजवायला?... नाही, तू मध्ये बोलू नकोस. अंगाचा नुसता तिळपापड होतोय...

काय? माप? कसलं माप?... दस्त्याच्या मागच्या टोकापासून चापापर्यंतचं. कळतं रे मला, बंदुकीतच वाढलेय... किती?

परत सांग.

साडेबारा?

रॉडी, एल्डन सव्वासहा फूट उंच आहे. त्याला साडेचौदा इंचसुद्धा तोकडे पडतात. साडेबारा म्हणजे...

...

थांब, जॅम ढवळू दे जरा... हं, बोल.

कोटासकट? असं लिहिलंय त्यानं? 'साडेबारा इंच, कोटासकट'?... अरे देवा. कोंबड्यांची कडी!

अरे, जुलैत, भर उन्हात मला म्हणाला, हिवाळ्याचा कोट घाल आणि कोपर वाकवून उभी राहा. मी म्हटलं, कशाला? तर म्हणे, खुराड्याला नवी कडी बसवतोय, ती तुझ्या हाताच्या टप्प्यात हवी. म्हटलं, मग कोट कशाला? तर म्हणे, कडी गोठते ती हिवाळ्यात, तेव्हा तू कोटातच असणार. आणि कोपरापासून बोटापर्यंत टेप लावली. दोनदा! घामानं डबडबले मी... कसली कडी! अजून सुतळीनंच बांधतेय ते दार. मला वाटलं, म्हातारा कामातून गेला.

हो, डावखुरी आहे मी. एल्डन उजवा... बोल्टची मूठ डावीकडे? तेही सांगितलं त्यानं?... आणि मागचं रबर सगळ्यात मऊ, खांद्याचं ऑपरेशन झालंय म्हणून. कोणता खांदा तेही बरोबर सांगितलं? अरे, माझा वाढदिवस लक्षात राहत नाही त्याच्या!

पण अक्रोड का नको म्हणाला?... हं... बर्फात लाकूड फुगतं, नेम सरकतो. ते खरं आहे. माझ्या बापाचा एक अख्खा हंगाम त्यानंच गेला. तीन दिवस पावसात भिजून नेम चुकला, तर त्यानं देवाला नावं ठेवली, लाकडाला नाही... आणि? आणि काय? वजन? काय म्हणाला वजनाचं?... नाही, त्याचेच शब्द सांग, जसेच्या तसे.

'ती स्वतःची बंदूक मला उचलू देणार नाही, म्हणून हलकी कर.'

...

काही नाही रे, जॅमची वाफ गेली डोळ्यांत. बोल तू.

गोठ्याचं?... तुला म्हणाला? काय म्हणाला?... 'तिच्यासमोर दोन मिनिटं बसलो तर ती माझ्या तोंडावरूनच ओळखेल'... म्हणजे रुसलेला नाही? लपतोय? दोन महिने? अरे गाढवा!... तू नाही रे, तो.

हो हो, तुझं काम विचार. उद्या साचा भरायचाय. काय राहिलंय?... रंग? त्यानं काय सांगितलंय?... 'तिला आवडेल तो'. आणि मला विचारायचं नाही! शाबास.

राखाडी कर. तिथला खडक राखाडीच आहे. चमक नको अजिबात. आणि पकडीची जागा खरखरीत ठेव, हातमोजा ओला झाला की घसरतो. गालाची बाजू थोडी उंच. दुर्बिणीला डोळा सरळ लागला पाहिजे, मान ताणायला लागता कामा नये. आणि साडेबारा नको, सव्वाबारा कर... अरे, त्यानं कोट धरला, आतला लोकरी स्वेटर नाही धरला. तोही घाल म्हणाला असता तर त्यालाच खुराड्यात कोंडलं असतं मी... पंधरा सप्टेंबरच्या आत देतोस ना? बघ हं, हंगाम थांबत नाही.

आणि ऐक, त्याला ताकास तूर लागू देऊ नकोस. राखाडी तुझ्या मनानं केलास, सव्वाबाराही तुझ्याच मनानं. फोन मी उचललाच नाही.

रॉडी... रस्त्यावर धूळ उडतेय. लुसिलची जीप! अरे, पत्र! माझं पत्र! ठेवू नकोस हं, धर! टोबी, मेल्या कुत्र्या, हो बाजूला, पायात येऊ नकोस...

...

...

हॅलो... आहेस?... थांब... दम घेऊ दे...

मिळालं. हातात आहे... सहजी कसलं! लुसिलनं पिशवीत टाकलंसुद्धा होतं. म्हणे, पिशवीत पडलं की ते सरकारचं. मी म्हटलं, लुसिल, तूही माझ्याच बसमधून शाळेत गेलीस! तर म्हणे, नियम म्हणजे नियम. आणि जीप काढली की तिनं! मी मागं पळतेय ॲप्रनमध्ये, हातात जॅमचा डाव. तेवढ्यात एल्डननं ट्रॅक्टर आडवा घातला रस्त्यात... कशाला काय? त्याला काय माहीत! बायको जीपमागं धावतेय एवढं दिसलं, घातला आडवा. अर्धं गवत खाली. मग लुसिलनं माझं अक्षर दोनदा ताडून पाहिलं आणि दिलं एकदाचं.

विचारलं ना त्यानं, कुणाला लिहिलंय. मी म्हटलं, बहिणीला, रागाच्या भरात, म्हटलं राहू दे... पटलं. माझ्या बहिणीबद्दल काहीही सांग, पटतं त्याला.

जॅम? गेला. तळाला लागून काळा ठिक्कर... जाऊ दे रे, चेरी काय, पुढच्या वर्षीही पिकतील.

आला, आला तो. पायरीवर बूट आपटतोय. ठेवते... सव्वाबारा! लिहिलंस?... हो, आणि आईला सांग, रविवारी येते म्हणून...

काही नाही, एल्डन! रॉंग नंबर होता!... हो, आलाय मलाही जळका वास...

मी? मी कुठं हसतेय?