उंदीर वॉरंटीत बसत नाही

जुना फ्रीज ऐन पाहुणे यायच्या दिवशी बंद पडला आणि सगळी पापलेटं वाया गेली. म्हणून नवा घेताना आमच्या सूनबाईला वाढीव वॉरंटी हवीच होती. मीपण गेले सोबत.

दुकानदाराला म्हटलं, "बाबा, आमचं घर कराव्यात हाय, खाडीला लागून. खाऱ्या हवेनं पत्रा गंजला तर?"

"गंज त्यात बसत नाही, आजी."

"घरात सुकट असते. तिच्या वासानं उंदीर येतात. त्यांनी वायर कुरतडली तर?"

"उंदीरपण नाही बसत."

"मग बसतं काय?"

"मशीन आपोआप बिघडली तर सगळं फुकट."

मी सुनेकडं वळले. "आपला जुना कशानं गेला गो?"

"उंदरानं," ती हळूच म्हणाली.

"मग वॉरंटी ऱ्हाऊ दे. मांजर पाळू."

शेजारणीकडून मांजर आणली. आता ती दिवसभर फ्रीजच्या दाराकडं तोंड करून बसते, पापलेट कधी बाहेर येतंय म्हणून. काल तिच्या पाठीमागून एक उंदीर आरामात चालत गेला.

सून म्हणाली, "आई, हिची वॉरंटी घेतलीत का?"