यंदा बुडायची पाळी

बियाण्यांच्या दुकानाच्या रांगेत माझ्यापुढे दोघे भाऊ उभे होते. दोघांची शेतं बांधाला बांध लागून.

"दादा, यंदाही तू भातच लाव. मी बाजरी पेरतो."

"गेल्या वर्षी पाऊस आला नाही, माझा भात करपला. वर्षभर आम्ही तुझ्याकडे जेवलो."

"त्याच्या आदल्या वर्षी धो धो पडला, माझी बाजरी कुजली. आम्ही तुझ्याकडे जेवलो. फिट्टंफाट."

"त्यापेक्षा दोघंही टोमॅटो लावू. भाव चांगलाय म्हणतात."

"सगळ्यांनी तेच ऐकलंय. काढणीपर्यंत गुरंसुद्धा तोंड लावणार नाहीत."

"मग दोघंही बाजरीच पेरू."

"आणि दोघांचीही गेली, तर जेवायचं कुणाकडे?"

"...बरं, लावतो भात. पण पुन्हा बुडालो, तर तुझ्या बायकोला सांग, भाजीत मीठ जरा बेतानं."

"ती तर रोज आभाळाकडे बघून हात जोडते. म्हणते, यंदा भावोजींचा भात पिकू दे."

"अरे, एवढा पाऊस झाला तर तुमची बाजरी जाईल!"

"तेही सांगितलं तिला. म्हणाली, जाऊ दे. वर्षभर चुलीपुढून सुटका तरी होईल."